चढाचा कोस

त्यांना अंतर विचारलं की ते आधी विचारणाऱ्याच्या पायांकडे बघायचे.

“स्टेशन इथून किती लांब आहे हो?” असं कुणी साधं विचारावं, तर हे मान खाली घालून त्या माणसाच्या चपला निरखणार. टाच किती झिजली, अंगठा शाबूत आहे का, पट्टा दोऱ्यानं बांधलाय का खिळ्यानं. मग निवाडा देणार, “तुमाले अर्धा घंटा. अन् ह्याइले वीस मिन्ट.” ‘ह्याइले’ म्हणजे त्याच्याच शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याला. दोघं एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी निघालेले, आणि अंतरं दोन. विचारणारा चक्रावून जायचा. हे मात्र पुन्हा आपल्या कामाला लागायचे.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. विसरलो म्हणून नव्हे. ते नाव एकदा मी चांगल्या अक्षरात एका यादीत लिहिलं होतं आणि माझ्याच हातानं खोडलं होतं. खोडलेलं नाव आता इतक्या वर्षांनी पुन्हा लिहून मी मोठा दिलदार ठरावं, हे मला बरं वाटत नाही. आम्ही त्यांना जरीबवाले मामा म्हणायचो. तुम्हीही तेच म्हणा.

जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. मामा मोजणीच्या खात्यात जरीब ओढायचे. साहेब छत्रीखाली टेबल मांडून नकाशा काढणार आणि हे काट्याकुट्यातून, नाल्याखोऱ्यातून साखळीचं टोक धरून पुढं जाणार, असं तीस वर्षं चाललं होतं. उजव्या तळहातावर साखळीच्या मुठीनं एक आडवी घळ पाडली होती. नुसते बसलेले असले तरी त्या हाताची मूठ उघडझाप करत राहायची. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “हात रिकामा ऱ्हायला का त्याले करमत नाई, गुरुजी.”

आमची ओळख झाली ती शाळेच्या मैदानाची मोजणी होती तेव्हा. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी पुण्याहून शिकवण्याची परीक्षा पास होऊन खामगावच्या हायस्कुलात नुकता लागलो होतो. मूळचा मी चिखलीकडच्या खेड्यातला, पण पुण्याच्या दोन वर्षांत जिभेवरचं ‘मले’, ‘तुले’ मी घासून घासून काढलं होतं. तिथं एकदा भर वर्गात ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणालो तेव्हा जे हसू झालं होतं, ते मला झोपेतही ऐकू यायचं. तर मी ऐटीत मामांना विचारलं, “मोजणीला अजून किती अवधी लागेल?” त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाले, “चप्पल पुन्याची हाय. पाय इकडचा दिसते.”

मला राग आला. चोरी पकडली गेली की येतो तसला राग होता तो. पण माणूस मनात राहिला.

आता आमच्या भ्रमण मंडळाविषयी सांगायला हवं. ते काढलं होतं गावातल्या एका वकीलसाहेबांनी. ते कधीतरी महाबळेश्वरला जाऊन आले होते आणि तेव्हापासून खामगावात सुसंस्कृत माणसांनी वर्षातून एकदा तरी डोंगर चढला पाहिजे, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. स्वतः ते कोर्टात टांग्यातून जात. मंडळाचे मेंबर म्हणजे काही शिक्षक, एक डॉक्टर, एक जिनिंगवाले शेठ आणि वकिलांच्या पक्षकारांपैकी ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं ते. माझं अक्षर चांगलं आणि शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्राची किल्ली माझ्याकडे, म्हणून मी सेक्रेटरी. दरवर्षी एकच सहल. दसरा झाला की एक शनिवार-रविवार सातपुड्यात. पाऊस ओसरलेला असतो, नाल्यांना पाणी असतं, गवत अजून पुरतं वाळलेलं नसतं. त्या दिवसांतला सातपुडा खरोखर बघण्यासारखा असतो, एवढं मी मंडळाच्या बाजूनं म्हणतो.

डोंगर चढायचा हे ठरलं, पण डोंगर कुणाला माहीत होता? मला मामा आठवले.

पहिली दोन वर्षं सगळी सहल त्यांनी आखली. गणपती उठले की संध्याकाळी कचेरी सुटल्यावर ते शाळेच्या ओट्यावर यायचे. माझ्याकडून खडू मागून घ्यायचे आणि फरशीवर डोंगर काढायचे. नाला म्हणजे पाण्यानं ओढलेली रेघ. गावं म्हणजे चिंचोके. त्यांची आखणी नकाशापासून सुरूच होत नसे, माणसांपासून व्हायची. “मेंबर किती? त्यात जाडे किती? चहाबिगर उठत नाई असे किती?” ड्रॉइंग मास्तरांना त्यांनी भर मैदानात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि मग जाहीर केलं, “ह्याइले मधात ठेवा. पुढं ठेवले तं सगळे अटकतीन, मागं ठेवले तं हेच ऱ्हाऊन जातीन.” मास्तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

शिदोरीवरून तर दरवर्षी वाद. वकीलसाहेबांना श्रीखंड हवं असायचं. मामा म्हणायचे, “शिरखंड खाऊन मानूस झोपते, चढत नाई. भाकर, ठेचा अन् दर मानशी एक कांदा. अन् दर मानशी एक तांब्या पानी.” मी ते लिहून घ्यायचो. पाण्याचं ते दर वेळी दोनदा सांगायचे.

हे सगळं करून दोन्ही वर्षं ते स्वतः आले नाहीत. पहिल्या वर्षी सरकारी काम निघालं. दुसऱ्या वर्षी कुणी त्यांना चला म्हणालंच नाही, आणि आपण होऊन म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता. सोमवारी तेवढं येऊन विचारायचे, “झाली काय बराबर? पानी भेटलं?” मी हो म्हणायचो. ते खूश व्हायचे.

तिसऱ्या वर्षी, आखणी पुरी झाल्यावर, खडू माझ्या हातात परत देत ते म्हणाले, “गुरुजी, यंदा माहं नाव लिस्टीत टाकसान काय?”

मी म्हणालो, “तुम्हाला यादी कशाला हवी मामा? तुम्ही तर घरचेच.”

“घरचा म्हनूनच दोन साल घरी ऱ्हायलो.”

मी हसलो. ते हसले नाहीत. ओट्याच्या कडेला बसून मूठ उघडझाप करत म्हणाले, “तीस साल डोंगर पाह्यले म्हनतो, पन कुठी पाह्यले? हातात जरीब असे. नजर जरिबीवर. कडी जराशी उचकली का साहेब तिकून वरडे. मान वर करून डोंगर पाह्यलाच नाई, गुरुजी. आता फागनात रिटायर होऊन राह्यलो. मंग गावाकडे जातो, तिकडून कोन येते सातपुड्यात. एकडाव रिकाम्या हातानं चढून पाहाचं हाय. दुसरं काई नाई.”

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत लांब बोलणं. माणसानं उभ्या आयुष्यात एवढंच मागावं आणि तेही माझ्यासारख्याकडे मागावं. मी वकीलसाहेबांना विचारलं, त्यांनी “हरकत नाही, सामानावर लक्ष ठेवायला होतील,” असं म्हणून परवानगी दिली, आणि मी यादीत चौदावं नाव लिहिलं. मामांनी ती यादी दोनदा वाचली. बोट ठेवून.

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला बसलो तिथं आलो.

त्या सुमाराला सरकारनं मैल काढून किलोमीटर आणले होते. रस्त्याच्या कडेचे दगड नव्यानं रंगवले जात होते. वकीलसाहेबांचा हुकूम झाला की मंडळाच्या पत्रकात सगळी अंतरं किलोमीटरमध्येच पाहिजेत, आपण सुशिक्षित लोक आहोत. मामांनी मोजणीच्या जुन्या कागदाच्या पाठीवर जे लिहून दिलं होतं त्यात होतं, ‘पायथ्याचं गाव ते उंबराचा झरा, तीन कोस. पहाटे पाचाले निघा. मधात पाणी नाही.’ मी त्यांना गाठून विचारलं, “एक कोस म्हणजे किती किलोमीटर?”

“कोन्ता कोस? वावरातला का चढाचा?”

“कोस म्हणजे कोस. त्यात दोन कसे असतील?”

“असते ना. कोस जमिनीचा नाई, पायाचा असते. जेवढं चालल्यावर मानसाले एकडाव तहान लागते तेवढा कोस. वावरात लंबा होते, चढाले आखूड. पन तहान तेवढीच.” मग माझा चेहरा पाहून समजुतीनं म्हणाले, “तीन कोस म्हंजे तीनडाव तहान लागन, गुरुजी. असं लिवा.”

असं कसं लिहिणार? तीनदा तहान लागेल, असं मी मंडळाच्या पत्रकात लिहिलं असतं तर वकीलसाहेबांनी ते वाचून दाखवलं असतं, आणि मला पुण्याचा तो वर्ग पुन्हा भोगावा लागला असता. घरी येऊन मी स्टेन्सिल कापायला बसलो. उजळणी करून हिशेब काढता आला असता. गावात विचारता आलं असतं. मला कंटाळा आला होता आणि त्या गावंढळ कोसाची लाजही वाटत होती. मी आकडा तसाच ठेवला आणि शब्द बदलला. ‘तीन कि.मी.’ दिसायला ते छान दिसलं.

पत्रक पाहून वकीलसाहेब म्हणाले, “तीनच किलोमीटर? मग पहाटे पाच कशाला? चहा-पोहे घेऊन नवाला निघू. आणि झरा इतका जवळ आहे तर दर माणशी तांब्या कशाला वागवायचा? खोडा ते.” मी तेही खोडलं, प्रत्येक पत्रकावर पेनानं. त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, लक्षात आलं नसेल. लक्षात आलं होतं. पत्रकं छापून झाली होती.

पत्रकं मेंबरांना वाटली. मामा मेंबर नव्हते, नुसते यादीत होते, म्हणून त्यांना पत्रक दिलं नाही.

शुक्रवारी वकीलसाहेबांचे मेहुणे नागपूरहून आले. त्यांनाही डोंगर बघायचा होता. शेठच्या मोटारीत माणसं बसायची चौदाच. वकीलसाहेब म्हणाले, “एक नाव कमी करा.” कोणतं ते त्यांनी सांगितलंही नाही. सांगावं लागलं नाही, याचंच मला आज जास्त वाटतं. मी पेन काढलं आणि चौदावं नाव खोडून वर मेहुण्यांचं लिहिलं.

शनिवारी दुपारी मोटार शाळेच्या फाटकाशी उभी होती. मामा वेळेच्या आधी आलेले. धुतलेलं धोतर, वहाणांना नवे तळ, भाकरी उपरण्यात बांधून पाठीला. फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या खांद्याला अडकवलेला. दोन्ही हात पुढं करून मला दाखवले. “पाहा गुरुजी, काईच घेतलं नाई हातात.”

मी म्हणालो, “मामा, मोटारीत जागा नाही हो. पाहुणे आले ऐन वेळी.”

“मी मागच्या फळीवर बसतो.”

“पुढच्या वर्षी नक्की,” वकीलसाहेब आतून म्हणाले.

मामा मोटारीकडे बघत उभे राहिले. मग त्यांची नजर सवयीनं खाली, मेहुण्यांच्या पायांकडे गेली. चकचकीत बूट होते. “साहेबाचे बूट चढाचे नाईत,” ते म्हणाले. सगळे हसले. मेहुणेही हसले. “अन् पानी कुठी हाय तुमचं? तांबे दिसत नाईत.”

“झरा आहे ना वाटेत,” मी म्हणालो.

“झरा तिसऱ्या कोसाले हाय,” ते म्हणाले. मोटार सुरू झाली होती. मी ऐकू न आल्यासारखं केलं. मागं बघितलं तेव्हा ते फाटकाशी तसेच उभे होते, आणि ती मूठ चालू होती.

रविवारी आम्ही साडेनवाला पायथा सोडला. गावातला एक म्हातारा म्हणाला, “उंबराचा झरा लय दूर हाय, उनाचं नका जाऊ.” वकीलसाहेब आम्हाला म्हणाले, खेड्यातल्या लोकांना अंतराची कल्पना नसते. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. तासाभरानं सगळ्यांना तहान लागली. झरा आता आलाच, म्हणून पुढं गेलो. दुसऱ्यांदा तहान लागली तेव्हा साडेअकरा वाजले होते, जिभा टाळ्याला चिकटत होत्या आणि मला कळून चुकलं होतं की आपण दोन कोस आलो आहोत. अजून एक राहिला होता. चौदा जणांत हे कळलेला मी एकटा होतो आणि मी गप्प चालत होतो.

मेहुण्यांच्या टाचा बुटांनी सोलून निघाल्या होत्या. एका पळसाखाली ते बसले ते आडवेच झाले. डोळे फिरवले. डॉक्टर होते म्हणून निभावलं, पण डॉक्टरांकडेही पाणी नव्हतं. दोघं धावत खाली गेले आणि त्या म्हाताऱ्यानं घागर आणि दोन माणसं पाठवली. मेहुण्यांना बाजेवर घालून उतरवलं. श्रीखंड मोटारीत आंबून गेलं होतं.

पुढच्या आठवड्यात मंडळाची सभा झाली. वकीलसाहेबांना मेहुण्यांपेक्षा नागपूरला काय म्हणतील याचा घोर होता. “जन्मभर साखळी ओढली आणि तीन किलोमीटर कळत नाहीत त्या माणसाला,” ते म्हणाले. “का झराच नव्हता तिथं?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मामांवरचा ठपका थोडा हलका करावा, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि तो स्वतःवर न घेता हलका करायची युक्तीही सुचली. मी म्हणालो, “यंदा झरा आटला असेल.” असा मी मामांच्या उपयोगी पडलो.

गोष्ट तिथंच संपली असती तरी चाललं असतं. पण वकीलसाहेब मामांच्या साहेबांशी पत्ते खेळायचे. पत्त्यांत ही हकिकत निघाली. ज्याला अंतर कळत नाही त्याच्या हाती जरीब कशाला, असं काहीसं साहेब म्हणाले असावेत. उरलेले चार-पाच महिने मामांना कचेरीच्या दारात स्टुलावर बसवलं. आल्यागेल्याला पाणी द्यायचं काम दिलं.

मग एका संध्याकाळी ते शाळेत आले. मला वाटलं, भांडायला आले. ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, “झरा आटला म्हने?”

“हो.”

“तुमी पाह्यला डोयानं?”

“हो.”

“उंबर होता काय तिथं?”

“होता,” मी म्हणालो.

 जरीब गेली त्याबद्दल एक शब्द नाही. “दुष्काळात आटला नाई तो. आमच्या साहेबाचे बैल पेत होते तिथं. आता काऊन आटला असंन?” घरातलं कुणी आजारी असावं अशा आवाजात ते विचारत होते. “मंग माहंच चुकलं. सांगाच्या आधी जाऊन पाहाले पायजे होतं.”

अजून वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “जाऊ द्या मामा, होतं असं.”

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशी ते पुन्हा आले. उन्हानं काळवंडलेले, गुडघ्याला चिंधी बांधलेली. हातात तोच फिरकीचा तांब्या, ताठ धरलेला. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

“पेऊन पाहा, गुरुजी.”

मी हजेरीचं पुस्तक बाजूला सरकवलं.

“झरा वाह्यते. उंबराच्या मुळातून. मी दोन दिवस बसलो होतो तिथं.” मग त्यांनी बंडीच्या खिशातून एक घडी काढून माझ्यासमोर उलगडली. आमचं पत्रक होतं ते, चिवड्याच्या तेलानं पारदर्शक झालेलं. “हे पळसाखाली भेटलं. पुढं तुमचं काईच भेटलं नाई. चिवडा नाई, कागद नाई, काडी नाई.” त्यांनी ‘तीन’ या आकड्यापुढं बोट ठेवलं. यादीतल्या नावावर ठेवलं होतं तसंच. “इथं कोस पायजे होता.”

मला त्यांच्याकडे बघवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या आवाजात राग शोधला, सापडला नाही. उलट त्यांना हायसं वाटत होतं, झरा आटला नव्हता म्हणून.

“मामा, डोंगर तरी बघून झाला ना,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

“जाताना पाह्यला थोडासा. येताना तांब्या भरला होता. ह्याची फिरकी झिजली, खांद्याले टांगला का सांडते. मंग मुठीत धरून आनला, तिथून इथपावतर. नजर त्याच्यावरच.” ते किंचित हसले. “रिकाम्या हातानं काई जमलं नाई.”

उठताना म्हणाले, “सभेत सांगसान काय? तुमचं चुकलं असं नका सांगू. झऱ्याले पानी हाय, अन् वाट तीन कोस हाय, एवढंच सांगा. माहा साहेब तिथं नसते, पन वकीलसाहेब त्याइले सांगतीन. बस.”

“सांगतो,” मी म्हणालो. मनापासून म्हणालो. आजही मला वाटतं, त्या क्षणी मी खोटं बोललो नव्हतो.

त्या रविवारी सभेला मी तांब्या घेऊन गेलो. टेबलाच्या मधोमध ठेवला. पहिलं वाक्य पाठ करून गेलो होतो. वकीलसाहेब कुठूनसे उन्हातून आले, घाम पुसत खुर्चीत बसले आणि तांब्या बघून म्हणाले, “वा. सेक्रेटरींनी यंदा पाण्याची सोय आधीच केली.” सगळे हसले. त्यांनी फिरकी काढली, आतला पेला भरला, प्याले, पुन्हा भरला. मग डॉक्टर प्याले. ड्रॉइंग मास्तर प्याले. तांब्या टेबलावरून फिरत फिरत रिकामा झाला आणि माझं वाक्य माझ्या तोंडातच होतं.

“पाणी गोड आहे हो,” वकीलसाहेब म्हणाले. “कुठलं?”

“घरचं,” मी म्हणालो.

माझ्या घरच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही. सभा पुढच्या विषयाकडे गेली.

त्यानंतर मी त्यांच्या कचेरीवरून जाणं सोडलं. लांबच्या गल्लीनं शाळेत जाऊ लागलो. ते शाळेत आले नाहीत. आले असते तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. फाल्गुनात ते रिटायर झाले आणि अमडापूरकडच्या आपल्या खेड्यात निघून गेले, हे मला शिपायाकडून कळलं. तांब्या माझ्याकडेच राहिला होता.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर, मी तो परत करायला गेलो. तोवर एक सहलही झाली होती, त्या वर्षीची, आणि तिचं पत्रकही मीच काढलं होतं. अमडापूरच्या अलीकडे एका फाट्यावर मोटारीतून उतरलो आणि विचारत विचारत त्यांच्या दारी गेलो. मामी अंगणात मिरच्या निवडत होत्या. कपाळ मोकळं होतं. मला काही विचारावं लागलं नाही.

“संक्रांतीले गेले,” त्या म्हणाल्या. मी तांब्या पुढं केला. त्यांनी तो ओळखला आणि माझ्याकडे नीट बघितलं. “तुमी खामगावचे गुरुजी.”

“हो.”

“सभा झाली होती काय?”

“झाली.”

“पानी पेले लोकं?”

“प्याले.”

“काय म्हनले?”

“गोड आहे म्हणाले,” मी म्हणालो. यात एकही शब्द खोटा नव्हता.

मामींचा चेहरा उजळला, आणि मग लगेच तसा राहिला नाही. “त्याइले सांगाले पायजे होतं तुमी,” त्या म्हणाल्या. “रोज फाट्यावर जाऊन बसत. म्हनत, गुरुजी येतीन सांगाले.”

मी निघालो तेव्हा त्यांनी तांब्या घरात नेला नाही. रांजणातून भरला, फिरकी लावली आणि माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत होतो. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, त्यांच्यासारखंच, मान खाली घालून.

“घेऊन जा. उन हाय,” त्या म्हणाल्या. “फाटा एक कोस हाय.”

फिरकी झिजलेली, म्हणून मी तो मुठीत ताठ धरला आणि त्याच्यावर नजर ठेवून चालत राहिलो. वाट कशी होती, दोन्ही बाजूंना काय होतं, मला सांगता येणार नाही. फाट्याचं कडुनिंबाचं झाड आलं, त्याच्याखालचा बसून बसून गुळगुळीत झालेला दगड दिसला, आणि तिथं मला तहान लागली.